व्याकरणातला स्वार्थ

कपाटाचा सगळ्यांत खालचा कप्पा उपसायला बसले होते. वाळवी लागली की काय, एवढीच शंका. वाळवी नव्हती. डायऱ्या होत्या, अकरा. वेगवेगळ्या वर्षांच्या, वेगवेगळ्या रंगांच्या, आणि आतून जवळजवळ सारख्या. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षर, चौथ्या-पाचव्यावर घाईचं, आणि फेब्रुवारी लागेपर्यंत कागद कोराच्या कोरा. एका डायरीत तर 9 जानेवारीला फक्त 'आज' एवढाच शब्द होता. पुढे काय लिहायचं होतं, देव जाणे.

पहिल्या पानावर दरवर्षी एक यादी. नव्या वर्षाचे संकल्प. मी त्या अकराही याद्या जमिनीवर ओळीने मांडल्या आणि वाचत गेले.

लवकर उठावे. रोज दोन पाने लिहावीत. व्यायाम नियमित करावा. चिडू नये. मोबाइल कमी बघावा. वाचन वाढवावे. माणसांना वेळ द्यावा.

दोन-तीन ओळी इकडच्या तिकडे, बाकी यादी तीच. 'माणसांना वेळ द्यावा' ही ओळ दहा वर्षं होती. अकराव्या वर्षी तिथे 'नाती जपावीत' असं लिहिलेलं होतं. त्या वर्षी भाषेत जरा भर घालायचा मूड असावा.

मी मुद्रितशोधन करते. दुसऱ्यांच्या पानांवरच्या चुका शोधून पोट भरते, असंही म्हणता येईल. या धंद्याचा एक दोष असा की कागदावरचा कोणताही मजकूर आधी प्रूफ म्हणून दिसतो आणि मग मजकूर म्हणून. त्यामुळे अकरा वर्षांचं अपयश समोर पसरलेलं असताना मला पहिल्यांदा वाईट वाटलं नाही. पहिल्यांदा दिसलं ते हे, की सगळी क्रियापदं विध्यर्थी आहेत आणि एकाही वाक्याला कर्ता नाही.

शाळेत आपण क्रियापदाचे चार अर्थ शिकलो होतो. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. पाच मार्कांसाठी पाठ केले आणि सोडून दिले. विध्यर्थ म्हणजे '-वा, -वी, -वे'वाला. 'मुलांनी खरे बोलावे.' 'आज पाऊस पडावा.' आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात कर्तव्य आहे, दुसऱ्यात इच्छा, आणि क्रियापदाचं रूप एकच. आपल्या भाषेत 'केलं पाहिजे' आणि 'झालं तर किती बरं' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच अंगरख्यात फिरू शकतात. बोलताना सूर असतो, त्यावरून कळतं. डायरीत सूर नसतो.

'लवकर उठावे' असं मी अकरा वेळा लिहिलं. ते माझं कर्तव्य होतं की इच्छा होती, हे मलाच ठाऊक नव्हतं. आणि उठावे कोणी? तेही लिहिलेलं नाही. भिंतीवर सुविचार लिहावा तसं ते वाक्य. येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं, पटल्यासारखी मान हलवावी आणि पुढे जावं. मी तेच केलं होतं.

मग मी एक उद्योग केला. लाल पेन घेतलं आणि प्रत्येक ओळीत कर्ता घालून ती मोठ्याने म्हणून बघितली. 'मला लवकर उठायचंय.' जीभ अडखळली. खोटं बोलताना अडखळते तशीच. मला लवकर उठायचं नाहीये. माझं डोकं रात्री चालतं, माझी उत्तम कामं रात्री अकरानंतर झालेली आहेत. ही ओळ लहानपणी घरात रोज ऐकू यायची, तिथून ती माझ्या डायरीत आली. म्हणजे अकरा वर्षं मी दुसऱ्या कोणाचा तरी संकल्प मोडत होते आणि अपराधी मात्र स्वतःला वाटून घेत होते. खोडली.

'मला वाचन वाढवायचंय.' हेही खोटं. दिवसभर वाचूनच जगते, अजून कुठे वाढवू? कोणाच्या तरी वर्षभरात शंभर पुस्तकं वाचल्याच्या फुशारकीने ती ओळ आली असणार. खोडली. 'चिडू नये' खोडताना जरा थांबले, पण मग लक्षात आलं की मी फारशी चिडतच नाही. माझी तऱ्हा वेगळी आहे. त्याबद्दल पुढे येतेच.

जाता जाता एक. मराठीत इरादा सांगायच्या किती पायऱ्या आहेत, याची मला त्या रात्री गंमत वाटली. 'करायला हवं' यात डोक्यावर कोणाचा तरी हात असतो. 'करावं म्हणतेय' यात करणं दूरच, आपण फक्त म्हणतोय, हे वाक्यच कबूल करतं. 'करायचंय' म्हणताना इच्छा खरी असते, तारीख नसते. 'करीन' आश्वासक आहे, पण त्याला मुदत नाही. 'करणार' म्हणणारा निदान उंबऱ्यापर्यंत आलेला असतो. आणि 'बघू' हा नकाराचा सर्वांत सभ्य मराठी अवतार. एखाद्याचा संकल्प टिकेल की नाही, हे सांगायला ज्योतिषी नको, क्रियापद ऐकावं.

यादीतल्या सात ओळींतल्या पाच अशा गेल्या. दोन उरल्या. 'रोज दोन पाने लिहावीत' म्हणताना जीभ अडखळली नाही, नुसती जडावली. ती वेगळी गोष्ट आहे, आणि तिचं मी अजून काहीच केलेलं नाही. दुसरी, 'माणसांना वेळ द्यावा'. ही म्हणताना मला ताईचा फोन आठवला.

तो फोन डायऱ्या सापडायच्या साधारण महिनाभर आधीचा. ताई माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तिचं घर त्या सुमारास रिकामं झालं होतं. का, ते इथे सांगायची गरज नाही. ती मनातलं सहसा बोलत नाही. त्या संध्याकाळी फोनवर इकडचं तिकडचं झालं आणि मग ती म्हणाली, "दिवस जातो गं कसाही. रात्री एकलेपण अंगावर येतं."

आणि मी म्हणाले, "एकटेपण म्हण. एकलेपण कवितेत ठीक."

लिहिताना आत्ताही कान तापले. मी हे मुद्दाम बोलले नाही, विनोद म्हणूनही नाही. शब्द कानावर आला आणि दुरुस्ती तोंडातून गेली. पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ताई म्हणाली, "बरं. ठेवते. काम चालू असेल तुझं."

काम चालूच होतं. समोर पडद्यावर फाइल उघडी होती, पान 214, त्यात एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती आणि फोन ठेवल्या ठेवल्या मी ती दुरुस्त केली. त्यानंतर मला कळलं की आपण काय केलं. फोन परत करायला हवा होता. केला नाही. 'उद्या करीन' म्हटलं. करीन!

माणसांना मी वेळ देत नव्हते असं नाही. फोन घेत होते, भेटायला जात होते, तास-तास बसत होते. वेळेची चोरी नव्हतीच. मी लोकांना वाक्य पुरं करू देत नव्हते. शब्द सुधारत होते, तारखा दुरुस्त करत होते, त्यांना सुचायच्या आत त्यांचा शब्द त्यांच्या हातात ठेवत होते आणि याला मी मदत समजत होते. अकरा वर्षं मी चुकीच्या रोगावर औषध लिहून ठेवत आले होते.

आत्मपरीक्षण हा शब्द उच्चारला की आपण एकदम गंभीर होतो आणि पहिला प्रश्न विचारतो, 'मी अशी का?' मीही विचारला. उत्तरं भराभर आली. एक, माझं डोकं जरा जोरात चालतं. (हे उत्तर मला अर्थातच फार आवडलं.) दोन, धंद्याची सवय. तीन, धाकटी असल्यामुळे लहानपणी मला कोणी बोलू दिलं नाही, त्याची ही भरपाई. तिसऱ्यावर मी विशेष खूश होते. त्यात थोडं मानसशास्त्र होतं, थोडी करुणा होती आणि दोष दुसऱ्यांकडे होता.

पण या 'का'वर माझा विश्वास बसेना, याला एक कारण आहे. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1977 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. टेबलावर नायलॉनच्या लांब पायमोज्यांच्या चार जोड्या मांडल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं, यातली कुठली चांगली? लोकांनी हात लावून, ताणून, निरखून निवड केली. अगदी डावीकडची जोडी 12 टक्क्यांनी निवडली, अगदी उजवीकडची 40 टक्क्यांनी. हीच का, असं विचारल्यावर विणकाम, पोत, मऊपणा अशी कारणं आली. मोजे चारही एकसारखे होते, फरक होता फक्त जागेचा. जागेचं कारण आपण होऊन कोणीही सांगितलं नाही. 'जागेमुळे तर नाही ना?' असं थेट विचारलं तेव्हा जवळजवळ प्रत्येकाने नाकारलं, आणि काहींनी विचारणाऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तो वेडाच आहे.

मी तो विणकामाचा पोत सांगणारी बाई होते. 'का'ला उत्तर मिळतं, हाच 'का'चा मोठा धोका. ते इतकं चटकन मिळतं, इतकं जुळून येतं, की आपण पुढे बघतच नाही. खोल विचार केल्याचं समाधान मिळतं आणि वागणं तिथल्या तिथे राहतं. रात्र-रात्र स्वतःबद्दल विचार करणारी आणि सकाळी उठून तशीच वागणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. आरशात, बहुतेक.

'का'चा सख्खा भाऊ म्हणजे संकेतार्थ. 'मी गप्प बसले असते तर.' 'तेव्हाच फोन केला असता तर.' पुष्कळ लोक याला आत्मपरीक्षण म्हणतात. महिनाभर मीही त्यातच होते. त्या वाक्यांत एक गोडवा असतो, दुखऱ्या दातावर जीभ फिरवण्यातला. त्याने दात बरा होत नाही. आज्ञार्थाचंही तेच. 'गप्प बस, ऐक जरा!' असं स्वतःला दटावून बघितलं. स्वतःचं न ऐकण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

उरला स्वार्थ. व्याकरणातला. यात क्रियापद फक्त काय घडतं ते सांगतं. आज्ञा नाही, इच्छा नाही, जर-तर नाही. 'ती बोलते. मी मधे बोलते.' बस. व्यवहारात आपण स्वार्थाला वाईट शब्द करून ठेवलंय, पण व्याकरणातला स्वार्थ हा चौघांतला सगळ्यांत प्रामाणिक आहे. मला वाटलं, संकल्प-बिंकल्प राहू दे, काही दिवस नुसता स्वार्थ लिहून बघू.

हे सुचायला बेंजामिन फ्रँक्लिन कारणीभूत. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक, विजेच्या प्रयोगांसाठी ओळखला जाणारा, आणि धंद्याने मुद्रक. म्हणजे आमच्याच गल्लीतला. तरुणपणी त्याने सर्वगुणसंपन्न व्हायचं ठरवलं आणि तेरा गुणांची यादी केली. इथपर्यंत तो माझ्याइतकाच भाबडा. पण पुढे त्याने एक छोटी वही केली. गुणागणिक एक पान, पानावर लाल शाईने रेघा, सात वारांचे सात उभे रकाने, तेरा गुणांच्या तेरा आडव्या ओळी. रोज रात्री दिवस तपासायचा आणि जिथे चूक झाली तिथे काळा ठिपका. आठवड्याला एका गुणावर विशेष लक्ष. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार.

त्याच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर मौन होतं. कारणही त्याने आत्मचरित्रात सांगितलंय. संभाषणातून ज्ञान मिळतं ते जिभेपेक्षा कानाने, आणि आपल्याला बडबडीची, कोट्या करण्याची खोड लागत चालली आहे असं त्याला वाटत होतं. यादी मुळात बाराचीच होती. 'तू गर्विष्ठ आहेस असं लोक म्हणतात,' असं एका मित्राने उदाहरणं देऊन पटवल्यावर त्याने नम्रता हा तेरावा गुण घातला. स्वतःच्या परीक्षणात स्वतःला न दिसलेली गोष्ट शेजारच्याने दाखवावी लागली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि त्या वहीचं पुढे काय झालं? नवी फेरी सुरू करायची म्हणजे जुने ठिपके खरवडून काढायचे. खरवडून खरवडून कागदाला भोकं पडली. शेवटी त्याने तक्ते हस्तिदंती पानांच्या टिपणवहीत उतरवून घेतले, तिथे शिसपेन्सिलीने ठिपके द्यायचे आणि ओल्या स्पंजने पुसायचे. आपल्यात वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दोष निघाले, अशी कबुलीही त्याने दिली आहे. व्यवस्थितपणा त्याला शेवटपर्यंत जमला नाही. तरी त्याची वही वापरून फाटली, माझ्या अकरा डायऱ्या कोऱ्या राहून पिवळ्या पडल्या. फरक एवढाच की त्याच्याकडे काय व्हावं याच्या यादीला काय झालं याची नोंद जोडलेली होती.

मी एक पाठकोऱ्या कागदांची वही शिवली. तीन रकाने. कधी, कुठे, कोणाशी. 'का' हा रकाना मुद्दाम ठेवला नाही. नियम एकच: कोणाचं वाक्य तोडलं किंवा शब्द सुधारला की रात्री त्याचा ठिपका द्यायचा. सुधारायचा प्रयत्नही करायचा नाही. नुसतं बघायचं.

पहिल्या दिवशी दोन ठिपके. मला वाटलं, अरे, आपण उगाच स्वतःला बदनाम करत होतो. दुसऱ्या दिवशी पाच. नंतर कळलं की पहिल्या दिवशीही पाच-सहा असणार, फक्त दिसले नव्हते. डोळा सरावायला वेळ लागतो, प्रूफातही लागतो. सोळा दिवसांत एक्केचाळीस ठिपके झाले.

मग वही जमिनीवर ठेवून बघितली आणि माझी तिन्ही 'का' कोसळली. एक्केचाळिसांतले एकोणतीस ठिपके फोनवरचे होते, आणि त्या एकोणतिसांतले बहुतेक समोर फाइल उघडी असतानाचे. परक्या माणसांशी बोलताना फक्त दोन. एकदा घर आवरत-आवरत मैत्रिणीशी पाऊण तास बोलले, त्यात शून्य. म्हणजे डोकं जोरात चालतं म्हणावं, तर ते परक्यांसमोर मंद कसं होतं? लहानपणीची भरपाई म्हणावी, तर ती खुर्चीत बसल्यावरच का? खुर्चीत, फाइलसमोर, हातात माउस घेऊन मी ज्याचं बोलणं ऐकत होते, ते मी ऐकत नव्हते. तपासत होते. माझ्या लेखी ताईसुद्धा पान 214 होती.

कारण खोल कुठे नव्हतंच. जागेचं होतं. पायमोज्यांसारखं.

त्या दिवसांत मी सेनेकाबद्दलही पुन्हा वाचलं. रोमन तत्त्वज्ञ, पहिल्या शतकातला. रात्री दिवा मालवला आणि बायको, तिला याची सवय माहीत असल्याने, गप्प झाली की हा आपला दिवस उलगडून तपासायचा. स्वतःपासून काही लपवायचं नाही, असा दंडक. त्याने दिलेल्या नमुन्यांतला एक वाचून मी चपापले. तो स्वतःला सांगतो की त्या अमक्याला तू नको इतकं मोकळेपणी टोकलंस, त्यामुळे तो सुधारला नाही, नुसता दुखावला. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा माणूस, आणि ठिपका माझाच! आणि मग तो काय करतो? स्वतःला बडवत बसत नाही. पुन्हा असं करू नकोस, या वेळी माफ करतो, म्हणतो, आणि विषय संपवतो. खटला रोज चालवायचा आणि रोज निकाली काढायचा. आपण मात्र वर्षभर तारखा घेत राहतो.

यात अजून एक बारकावा आहे. सेनेका स्वतःशी 'तू' म्हणून बोलतो. आपल्या संतांनी तर स्वतःचं नावच घेतलं. अभंगाच्या शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' येतं, 'नामा म्हणे' येतं, आणि बोलणारा स्वतःपासून एक पाऊल मागे सरकून उभा राहतो. शाळेत याला नाममुद्रा म्हणायचं, एवढं सांगून पुढे गेले होते. ईथन क्रॉस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की ताणाच्या प्रसंगी जे स्वतःशी 'मी'ऐवजी स्वतःच्या नावाने किंवा 'तू' म्हणून बोलले, ते कमी धास्तावले आणि बोलायची वेळ आली तेव्हा बरे बोलले. मी करून बघितलं. रात्री वहीसमोर बसून स्वतःचं नाव घेऊन विचारलं, आज कितीदा? 'मी' म्हटलं की मी लगेच बचावाला उभी राहायचे. नाव घेतल्यावर ती दुसरीच कोणी बाई झाली आणि तिच्याबद्दल खरं बोलणं सोपं गेलं. थोडी तिची दयाही आली.

संकल्प इथवर आल्यावर झाला. करावा लागला नाही. वही एवढी स्पष्ट बोलत होती की वाक्य आपोआप पडलं: 'ताईचा फोन वाजला की मी खुर्चीतून उठते आणि खिडकीशी जाते.'

कर्ता आहे. क्रियापद स्वार्थी आहे. 'चांगली श्रोती व्हावे' वगैरे काही नाही. पीटर गोलवित्झर हा मानसशास्त्रज्ञ अशा 'अमुक झालं की तमुक करते' छापाच्या वाक्यांवर वर्षानुवर्षं काम करत आलाय. पास्कल शीरनबरोबर त्याने 2006 साली 94 चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हा नुसत्या 'मला हे साधायचंय' यापेक्षा 'कधी, कुठे, कसं' ठरवून ठेवलेल्यांचं काम तडीला जाण्याचं प्रमाण लक्षणीयरीत्या जास्त निघालं. त्यामागची युक्ती साधी आहे. ऐन वेळी निर्णय घ्यायचा नसतो, तो आधीच घेतलेला असतो. खूण दिसली की पाय हलतात. माझ्या बाबतीत खूण म्हणजे फोनची रिंग, आणि हलायचं होतं ते खरोखरच पायांनी.

ताईला मी हे सांगितलं नाही. कोणालाच नाही. गोलवित्झरच्याच 2009 सालच्या एका अभ्यासात, आपण काय होणार हे लोकांसमोर बोलून दाखवलं आणि लोकांनी दखल घेतली, की पुढची मेहनत कमी होते असं दिसलं होतं. झाल्याचं थोडंसं समाधान बोलण्यातच मिळून जातं. पण खरं सांगायचं तर मी त्या अभ्यासामुळे गप्प राहिले नाही. लाज वाटत होती.

पहिल्या दिवशी ते वाक्य सरळ खोटं होतं. 'उठते' लिहिलं होतं आणि फोन वाजल्यावर मी बसूनच 'हॅलो' म्हटलं. मुद्रितशोधक म्हणून मी तिथे वस्तुस्थितीची चूक दाखवायला हवी होती. दुसऱ्यांदा अर्ध्यात आठवलं आणि उठले. मग काही दिवस नीट जमलं, मग एक मोठं काम अंगावर आलं आणि पुन्हा ठिपके. अशा वेळी जुनी मी डायरी मिटून कपाटात टाकायची. या खेपेला ते केलं नाही, त्यात माझ्या शहाणपणाचा भाग थोडा आणि लंडनच्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासाचा जास्त. त्यात 96 लोकांनी रोजच्या ठरावीक खुणेला जोडून एक नवी सवय लावून घ्यायचा प्रयत्न केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असं त्यातून निघालं, आणि तो आकडा सगळीकडे मिरवला जातो. मला भावली ती त्याच्या आजूबाजूची माहिती. कोणाला 18 दिवस, तर कोणाला 254 लागतील, एवढा मोठा पल्ला. आणि एखादा दिवस चुकला तर एकूण घडणीत फारसा फरक पडत नाही. एक कोरं पान म्हणजे कोरी डायरी नव्हे. हे मला अकरा वर्षांपूर्वी कोणी सांगायला हवं होतं. (संकेतार्थ. जाऊ दे.)

खिडकीत उभं राहून ऐकताना पहिले काही फोन मला फार जड गेले. हातांना काम नाही, डोळ्यांना अक्षर नाही. ताई एखाद्या शब्दाशी अडली की तो शब्द माझ्या जिभेवर येऊन उभा राहायचा आणि मी तो तिथेच धरून ठेवायचे. तीन-चार सेकंदांचं काम, पण ते सेकंद किती लांब असतात! आणि मग दिसायला लागलं की अडलेलं माणूस बहुतेक वेळा मी योजलेला शब्द वापरतच नाही. भलत्याच शब्दाने पुढे जातं. कधी तर वाक्यच बदलतं आणि खरं सांगायचं ते त्या बदललेल्या वाक्यात असतं. इतकी वर्षं मी लोकांच्या हाती माझा शब्द ठेवत होते आणि ते सभ्यपणे तो घेऊन थांबत होते.

मनातल्या मनात मात्र दुरुस्त्या चालूच आहेत. त्याचा ठिपका द्यायचा की नाही, हे अजून ठरलेलं नाही. सध्या शिसपेन्सिलीने फिकट देते.

परवा संध्याकाळी ताईचा फोन आला. उठले. खिडकीशी गेले. ती कपाट लावत होती, त्याबद्दल बोलली, गुडघ्याबद्दल बोलली, मग बोलता बोलता थांबली. मी काहीच बोलले नाही. बाहेर कोणीतरी सायकल लावत होतं, स्टँड लागत नव्हता, पुन्हा पुन्हा घसरत होता.

"आहेस ना गं?" ताई म्हणाली. "आवाज नाही तुझा."

"आहे. ऐकतेय."

"बरी आहेस ना?"

"हो गं. तू बोल."

पुन्हा थोडी शांतता. सायकल एकदाची उभी राहिली. मग ती म्हणाली, "मागे एकदा सांगत होते ना तुला. रात्रीचं. ते एकलेपण म्हणाले होते बघ मी. ते सांगायचं राहूनच गेलं."